उरलेला वॉशर

ऑक्टोबर अर्धा सरला की इथे अमेरिकेत आमच्या रस्त्यावर पानं उडवायची यंत्रं बाहेर निघतात. पाठीवर दप्तरासारखं इंजिन अडकवायचं, दोरी ओढायची आणि हातातल्या नळीतून वारा सोडत अंगणातली पानं एका कडेला ढकलत न्यायची. दुपारभर तो आवाज आणि तो वास. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून जाळल्याचा तो गोडसर, डोक्यात चढणारा वास आला की माझी बायको खिडक्या लावत सुटते आणि मी तिच्यामागून एक उघडी ठेवतो. इतक्या वर्षांत यावरून आमचं भांडण झालेलं नाही. हा वास आला की मला थोडा वेळ कोणी काही विचारू नये, हे तिला माहीत आहे.

या वर्षी एका सकाळी शेजारच्या गृहस्थाचं यंत्र चालूच होईना. तो दोरी ओढतोय, यंत्र एकदा फुसफुसतंय, गप्प होतंय. मी खिडकीत उभा. त्यानं दोरी ओढली की माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला जात होता, किक मारल्यासारखा. बायकोनं ते पाहिलं आणि म्हणाली, जायचं असेल तर जा की मदतीला. मी गेलो नाही. यंत्राच्या बाबतीत मी कोणालाही सल्ला देत नाही. पुण्यात जन्मलेल्या माणसाला हे व्रत किती कडक पडतं, ते पुण्याबाहेरच्यांना कळायचं नाही.

व्रत घेतलं ते इथल्याच स्टेट कॉलेज नावाच्या विद्यापीठाच्या गावात, ऐंशीच्या दशकातल्या एका पानगळीत. खरं तर पानगळ संपल्यावर, म्हणजे त्याचा कोणालाच उपयोग उरला नव्हता तेव्हा.

तेव्हा मी तिथे इलेक्ट्रिकलचं पुढचं शिक्षण घेत होतो आणि दिगंबर माझा रूममेट होता. अकोल्याकडचा, शेतकी कॉलेजात पहिला आलेला. लहानपणी पोलिओ होऊन गेल्यामुळे डाव्या पायात जोर कमी. चालताना तो डाव्या गुडघ्यावर हात ठेवून पाऊल टाकायचा आणि त्याच्या सगळ्या पँटी त्या जागी झिजलेल्या असायच्या. त्याच्या तालुक्यातून पीएचडीसाठी अमेरिकेला निघालेला तो पहिलाच. निघताना गावानं शाळेच्या पटांगणात सत्कार केला होता. फेटा बांधलेला त्याचा फोटो आमच्या फ्रिजवर चिकटवलेला असे आणि त्यावरून मी त्याला रोज छळत असे. 'नवरदेव, चहा ठेवा' म्हटलं की तो हसायचा आणि खरंच चहा ठेवायचा.

त्याचा विषय होता सफरचंदाच्या झाडाची पडलेली पानं. सफरचंदावर खवल्यांसारखे काळे डाग पाडणारा एक रोग असतो. त्याची बुरशी हिवाळाभर जमिनीवरच्या पानांत दडून राहते आणि वसंतात पुन्हा झाडावर चढते. पानं लवकर कुजली तर बुरशीला घर उरत नाही. म्हणून दिगंबरनं बागेत जाळीच्या शेकडो पिशव्यांत पानं भरून ठेवली होती. कशावर युरिया फवारलेला, कशावर काही नाही. दर एक दिवसाआड जाऊन प्रत्येक पिशवीतलं पान किती उरलं ते मोजायचं. गांडुळं पान देठाकडून धरून कशी बिळात ओढून नेतात, हे त्यानं मला एकदा पोळी खाता खाता पोळीचाच तुकडा घेऊन करून दाखवलं होतं. असा उत्साह मी आमच्या लॅबमध्ये कोणाच्याच तोंडावर पाहिला नव्हता.

अडचण एकच होती. बाग गावाबाहेर सात-आठ मैलांवर, चढउताराच्या रस्त्यावर. सप्टेंबरअखेर विद्यापीठाची गाडी तिकडे जायची बंद झाली. कॅम्पसची बस तिकडे जात नव्हती. सायकल त्याला जमत नसे. ओळखीच्या दोघातिघांकडे गाड्या होत्या आणि मागितली असती तर त्यांनी लिफ्ट दिलीही असती. पण दिगंबर मागायचा एकदा आणि दुसऱ्या वेळी घोटाळायचा. त्यांचा अभ्यास असतो, त्यांना कशाला त्रास. भीड भिकेची बहीण, असं माझी आई म्हणायची आणि मी ते त्याला ऐकवायचो. तो मान डोलवायचा. पानं कुजण्याचा हंगाम वर्षातून एकदाच येतो. तो चुकला की वर्ष गेलं, आणि त्याला मिळालेले पैसे त्या एकाच हंगामापुरते होते. हे आम्हा दोघांनाही पक्कं माहीत होतं.

स्कूटर मिळाली ती एका प्राध्यापकीणबाईंच्या गॅरेजमधून. त्या गाव सोडून चालल्या होत्या आणि 'घेऊन जा, माझ्या डोळ्यांसमोरून जाऊ दे' एवढीच त्यांची अट होती. इटालियन बनावटीची, वीसेक वर्षांची, फिकट हिरवी. मी ती पाहिली आणि मला भरून आलं. आमच्या घरी जी होती, तिचीच थोरली बहीण. तोच डाव्या मुठीतला गियर, तीच उजव्या बाजूची किक, तीच सीटखालची पेट्रोलची टाकी. परदेशात जाऊन वर्ष होऊन गेलं होतं आणि तिथलं काही आपलं वाटलं नव्हतं. ही मात्र मला पाहताक्षणी आपली वाटली.

आमच्या घरी रविवार हा स्कूटरचा वार होता. बाबा लुंगी गुडघ्यावर दुमडून बसत आणि प्लग काढून तारेच्या ब्रशनं घासत. पॉइंट, म्हणजे आतले ते दोन टिकल्यांएवढे धातूचे तुकडे, जे उघडझाप करून ठिणगी पाडतात, ते पॉलिशपेपरनं पुसत. त्यांच्यातली फट मोजायला दाढीचं ब्लेड किंवा पोस्टकार्ड. मग स्कूटर उजवीकडे आडवी करायची, मनात पाच म्हणायचे, सरळ करायची आणि किक मारायची. आडवी का करायची ते आमच्या आळीत कोणाला विचारलं असतं तर प्रत्येकानं वेगळं कारण सांगितलं असतं, पण आडवी सगळेच करत. हे सगळं ज्ञान घेऊन मी अमेरिकेत आलो होतो आणि ते दाखवायला पहिल्यांदाच संधी मिळत होती. दिगंबर म्हणाला, तुला येतं का रे हे? मला त्या प्रश्नाचा जरासा रागच आला.

आधीचा बिघाड साधा होता. प्लगला करंट नव्हता. कंडेन्सर गेला असणार हे मी ओळखलं आणि ते बरोबरही होतं. कंडेन्सर बदलायचा तर वरचं मॅग्नेटचं जड चाक उतरवावं लागतं. ते ओढून काढायला एक खास हत्यार मिळतं, पुलर. आमच्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे पुलर नव्हता. तो लाकडाचा ठोकळा लावून दोन बाजूंनी हातोडी मारायचा आणि चाक निघायचं. मीही तसंच केलं. आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये वर्तमानपत्र पसरून, रविवारी सकाळी, थंडीनं बोटं लाल झालेली असताना. चाक निघालं. नवा कंडेन्सर बसला. मी सगळं परत जोडलं, नट आवळला, हात पुसले. वर्तमानपत्रावर एक वॉशर उरला.

तो दिगंबरनं उचलला. जाडसर, एका ठिकाणी कापलेला, जरा पीळ दिलेला. "हा राहिला ना रे?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, जास्तीचा असेल. पुन्हा सगळं उघडायचा मला कंटाळा आला होता आणि दोघातिघांचा घोळका बघायला उभा होता. शिवाय आमच्या आळीत विनोद ठरलेला होता, की एखादा नट उरला तर गाडी हलकी होऊन ॲव्हरेज वाढतं. तो मी ऐकवला. सगळे हसले. दिगंबरही हसला आणि त्यानं तो वॉशर लोणच्याच्या बाटलीच्या झाकणात ठेवून झाकण खिडकीत ठेवलं.

स्कूटर दुसऱ्या किकला चालू झाली. तो आवाज त्या पार्किंगमध्ये घुमला तेव्हा मला बाबांची आठवण येऊन रडू फुटायच्या बेतात होतं. तीन फेऱ्या दिगंबर तिच्यावरून बागेत जाऊन आला. हेल्मेट, त्यावर मफलर, पाठीला पिशवी. परत येताना पिशवी भरून डाग पडलेली सफरचंदं आणायचा. ती बाजारात कोणी घेत नाही, पण आतून गोड असतात. काही कच्ची आंबट असत. ती आम्ही कैरीच्या जागी आमटीत टाकायचो. त्या आठवड्यातली आमटी मला अजून चवीला आठवते. चौथ्या फेरीला स्कूटर निघाली, रस्त्याच्या वळणावर फट् करून मोठा आवाज झाला आणि बंद पडली. त्यानंतर ती कधीही नीट चालू झाली नाही.

मग सुरू झाला तो माझा शोध. मी प्लग काढून इंजिनाला टेकवायचो, किक मारायचो, आणि ठिणगी पडायची. छान, निळी, टणक ठिणगी. म्हणजे करंट आहे. करंट आहे म्हटल्यावर तो कप्पा माझ्यापुरता बंद झाला. मग दोष पेट्रोलचा. कार्बुरेटर उघडला, धुतला, भोकात फुंकर मारली. पेट्रोलचा नाही तर ऑइलच्या प्रमाणाचा. तोही नाही तर धूर जायची नळी चोंदलेली. ती जाळून साफ केली. मधूनच स्कूटर दोनचार ठोके द्यायची, आमच्या जिवात जीव यायचा, आणि किक उलटी येऊन माझ्या नडगीवर बसायची. नडगीवर एकावर एक निळे डाग पडले. मी तिला आडवी करायचो, मनात पाच म्हणायचो. पाचाचे दहा झाले. शेजारची एक अमेरिकन मुलगी रोज थांबून बघायची. तिनं एकदा दिगंबरला विचारलं म्हणे, की ही तुमची काही प्रार्थना आहे का.

त्या पानगळीइतकी सुंदर पानगळ मी नंतर पाहिली नाही आणि ती मला तेव्हाही दिसली नव्हती. डोंगर लाल-पिवळे होऊन गेले. मी जमिनीकडे बघत होतो, तेलानं माखलेल्या वर्तमानपत्राकडे. ओल्या पानांचा वास, पेट्रोलचा वास, दिगंबरच्या स्वेटरला येणारा बागेतल्या कुजक्या सफरचंदांचा आंबूस वास. हे तीन वास मला आजही वेगळे करता येत नाहीत.

तो जायचा तसा. मिळेल ती बस जिथे सोडेल तिथून पुढे, गुडघ्यावर हात ठेवून. कधी कोणी गाडी थांबवायचा, कधी नाही. एक दिवसाआडचे चार दिवस झाले, चाराचे सहा. आमच्या जेवणाच्या टेबलावर त्याचे मोठे चौकटीचे कागद पसरलेले असत. नोंद नसलेल्या चौकटीत तो पेन्सिलीनं एक बारीक रेघ मारायचा. मी जेवताना त्या रेघांवर नजर जाऊ नये म्हणून ताट मधे ठेवायचो.

एकदा तो म्हणाला, त्या रस्त्यावर एक म्हातारा लॉनमोवर दुरुस्त करतो, त्याला दाखवू या का? गवत कापायच्या मशीनवाल्याला स्कूटरमधलं काय कळणार, असं मी म्हणालो. तेवढंच नाही. रविवारपर्यंत थांब, मला कारण सापडत आलंय, असंही म्हणालो. त्यानं पुन्हा विषय काढला नाही. काही दिवसांनी तो पार्किंगमध्ये येऊन माझ्याशेजारी उभा राहिला होता, बराच वेळ, हात खिशात घालून. मी पॉइंट घासत होतो. काय रे, म्हणून विचारलं तर म्हणाला, काही नाही, चहा ठेवतो.

नोव्हेंबरात बर्फ पडलं. बर्फाखाली पिशव्या दबल्या. काही उंदरांनी कुरतडल्या आणि त्या कधी कुरतडल्या हे सांगायला नोंद नव्हती. त्याचे प्राध्यापक वाईट माणूस नव्हते. त्यांनी कागद शांतपणे पाहिले आणि म्हणाले, रिकाम्या चौकटी मी भरू शकत नाही आणि तूही भरू नकोस. हंगाम गेला, पैसे गेले, पैशांबरोबर राहण्याची परवानगीही. झालेल्या कामावर एमएसची पदवी मिळेल एवढं त्यांनी पाहिलं. दिगंबरनं मला हे सगळं आमटीला फोडणी देताना सांगितलं, माझ्याकडे पाठ करून.

मी म्हणालो, स्कूटर चालली असती तर. तो म्हणाला, जाऊ दे ना आता.

सेमिस्टर संपताच तो गेला. फ्रिजवरचा फोटो काढताना त्याच्या कोपऱ्याचा तुकडा टेपला चिकटून राहिला, फेट्याच्या तुऱ्याचा. स्कूटर त्यानं मला देऊन टाकली. चालू झाली की कळव, म्हणाला. यात टोमणा नव्हता, त्याला टोमणा मारता येतच नसे. तोच मला तेव्हा हवा होता.

एप्रिलमध्ये खोली बदलायची होती, म्हणून मी ती स्कूटर एका मित्राच्या ट्रकमध्ये घालून त्या म्हाताऱ्याकडे टाकायला नेली. भंगार म्हणून. जाताना खिडकीतलं ते झाकणही कशाला कोण जाणे खिशात घातलं. म्हाताऱ्यानं प्लग काढला, ठिणगी पाहिली, मान हलवली. मग भिंतीवरून पुलर काढून लावला, दोन आटे दिले, आणि मी हातोडीनं अर्धा तास ठोकून काढलेलं ते चाक त्याच्या हातात अलगद आलं. आतून त्यानं बोटाच्या टोकावर काहीतरी घेऊन मला दाखवलं. नखाएवढा अर्धचंद्राकृती लोखंडी तुकडा, मधोमध कातरलेला. हा तुकडा चाकाला जागच्या जागी धरून ठेवतो. नट सैल राहिला, चाक घसरलं, तुकडा तुटला. ठिणगी पडत होती, फक्त पडायच्या वेळी पडत नव्हती. नट सैल राहू नये म्हणून एक पीळ दिलेला वॉशर असतो, तो कुठे गेला, असं त्यानं विचारलं.

मी झाकण त्याच्यापुढे धरलं.

त्यानं नवा तुकडा बसवला, वॉशर बसवला, नट आवळला. सगळं मिळून अर्धा तास. स्कूटर पहिल्या किकला चालू झाली. आडवीसुद्धा करावी लागली नाही. तो आवाज मला सहन होईना. ती मी तिथेच ठेवून पायी परत आलो, आणि चालू झाल्याचं दिगंबरला कळवलं नाही.

पुढे पत्रं आली, गेली. तो तालुक्याच्या शेतकी शाळेत शिकवायला लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. एका पत्रात त्यानं सहज लिहिलं होतं, की गावातले लोक त्याला अजून 'डॉक्टर' म्हणतात. सत्कारात जे म्हणायला सुरुवात झाली ते कोणी बदललंच नाही. आधी तो दुरुस्त करायचा, मग त्यानं सोडून दिलं. ते पत्र मी पुन्हा उघडलेलं नाही.

इतकी वर्षं मी दर पानगळीत ठरवत आलो, की त्याला सांगायचं. माझा वॉशर, माझी हातोडी, माझा तोरा. या वर्षी शेजाऱ्याची दोरी ऐकता ऐकता मी फोन उचलला. तिकडे संध्याकाळ झाली होती, तो झाडांना पाणी घालत होता. इकडचं तिकडचं झालं. गुडघा कसा आहे, सून काय करते. मग मी म्हणालो, दिगंबर, ती स्कूटर आठवते का?

"वॉशर बसवला का रे मग शेवटी?" त्यानं विचारलं.

 मग तोच पुढे सांगत गेला, पाण्याची झारी ठेवल्याचा आवाजही आला. त्या म्हाताऱ्यानं त्याला दोनदा पिकअपमधून बागेपर्यंत सोडलं होतं. बोलता बोलता स्कूटरची गोष्ट निघाली. म्हाताऱ्यानं विचारलं, चाक उतरवलं होतं का, काही उरलं का. मग म्हणाला, आण इकडे, अर्ध्या तासाचं काम आहे. ऑक्टोबर अजून अर्धाच झाला होता. पिशव्यांतली पानं नुकती कुजायला लागली होती, सगळा हंगाम पुढे होता.

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस?

"आलो होतो ना खाली, सांगायला. दोनदा आलो," दिगंबर म्हणाला. "तू पॉइंट घासत बसला होता. नाकाला काळं लागलेलं. इतक्या मायेनं करून राहिला होता तू. तुला कसं म्हणू, राहू दे म्हणून?"

मग तो म्हणाला, वहिनींना नमस्कार सांग, आणि तुमच्याकडे या वर्षी रंग कसे आहेत ते विचारलं. मी म्हणालो, चांगले आहेत.

तो चिडला असता तर मी माफी मागितली असती. चाळीस वर्षं ती तोंडपाठ करून ठेवली होती, आणि घ्यायला समोर कोणी नव्हतं. माझ्या घमेंडीनं त्याचं वर्ष खाल्लं असं मी समजत होतो. आता कळलं, की अर्ध्या तासाची दुरुस्ती त्याच्या खिशात होती आणि मला वाईट वाटू नये म्हणून त्यानं ती खिशातच ठेवली. हे घेऊन मी कुठे जाऊ, मला समजत नाही.

फोन ठेवला तरी बाहेर शेजारी दोरी ओढतच होता. त्याचा चोक उघडायचा राहिला होता, मला खिडकीतून स्पष्ट दिसत होतं. दाराशी जाऊन मी चपलेत पाय घातले. मग त्याच्या कपाळावरचा घाम आणि तो किती मन लावून करतोय ते पाहिलं, आणि चपला काढून परत आत आलो.